लय पळतेय: दहा चित्रांच्या एका ढोलवादकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेतलं मध्यम आकाराचं ढोल-ताशा पथक. गणेशोत्सवाच्या दोनेक महिने आधी सराव सुरू होतो आणि सरावाच्याही आधी नव्या वादकांची नोंदणी. एरवी नोंदणीसाठी एक फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवर फिरवायला त्याचंच छोटं चित्र एवढ्यावर भागायचं. त्या वर्षी पथकप्रमुखांना हलणारं चित्र हवं होतं: कमरेला ढोल बांधलेला एक वादक, एक ठोका टिपऱ्याचा (काठीचा), एक थापीचा (तळहाताचा), आणि हे अखंड चालू. ते तीन ठिकाणी लागणार होतं. व्हॉट्सॲपच्या गटांत, स्टिकर म्हणून, आणि नोंदणीच्या टेबलावर ठेवलेल्या पडद्यावर, तेही शेजारी खरा ढोल वाजत असताना.

काम आलं ध्वजपथकातल्या एका विद्यार्थिनीकडे. फ्लेक्सची मांडणी तीच गिंप या फुकट चित्र-सॉफ्टवेअरमध्ये करायची, त्यामुळे थर (लेयर), सिलेक्शन, रंग भरणं हे हाताखालचं होतं. ॲनिमेशन मात्र कधी केलेलं नव्हतं. मदतीला चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांनी संगणकाला हात लावायचा नाही असं आधीच जाहीर केलं होतं. साधनं अशी: ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, साधा माऊस, गिंप २.१०, एक मोबाईल. चित्र काढायची टॅब्लेट नाही. मुदत नऊ दिवस.

अडचण

पहिला प्रयत्न दोन दिवसांत कोसळला, आणि तो का कोसळला हे बघण्यासारखं आहे.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात हे ऐकून तिने एका सेकंदासाठी २४ चित्रं काढायची ठरवली. वहीच्या पानांवर पेन्सिलने काढलेल्या प्रत्येक चित्राचा मोबाईलने फोटो घेतला आणि सगळे फोटो एकत्र गिंपमध्ये थर म्हणून उघडले. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो, म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके (पिक्सेल), उघडल्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरून सुमारे ४८ एमबी जागा घेतो. असे २४ थर म्हणजे ११०० एमबीच्या वर, आणि ‘अनडू’चा साठा वेगळा. ४ जीबीच्या लॅपटॉपवर गिंप हार्डडिस्कवर लिहायला लागलं आणि प्रत्येक क्लिकनंतर मिनिट-मिनिट थांबावं लागलं.

कसंबसं जे तयार झालं त्यात आणखी तीन दोष होते. मोबाईल हातात धरल्यामुळे वादक प्रत्येक फ्रेमला थोडा सरकत होता. कॅमेरा दर वेळी उजेड स्वतःच ठरवत असल्याने कागद कधी पिवळा, कधी निळसर दिसत होता आणि सगळं चित्र लुकलुकत होतं. आणि ढोलासह अख्खा माणूस २४ वेळा नव्याने काढल्यामुळे ढोलाचा घेर दर चित्रात लहानमोठा होत होता. ढोल श्वास घेतोय असं वाटायचं.

समोरचे पर्याय

तिसऱ्या दिवशी सर, विद्यार्थिनी आणि पथकप्रमुख एकत्र बसले. चार गोष्टी चर्चेला आल्या.

वादकाचा खरा व्हिडिओ घेऊन त्याचीच जिफ (हलत्या चित्राची फाइल) करायची, हा सर्वांत झटपट मार्ग. तो दोन कारणांनी मागे पडला. जिफच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडातलं खरं दृश्य दाणेदार होतं आणि फाइल तरीही फुगते. शिवाय एकाच वादकाचा चेहरा सगळ्या पेठांत फिरवायला पथकप्रमुख राजी नव्हते.

क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून त्यात ॲनिमेशनची पट्टी आणि ओनियन स्किन आहे, म्हणजे मागचं-पुढचं चित्र फिकट दिसत राहतं. हातात टॅब्लेट असती तर आमचं मत निःसंशय याच बाजूने पडलं असतं. पण चित्रं कागदावरच काढायची असतील तर त्यातला निम्मा फायदा उरत नाही, आणि सहा दिवसांत नवं सॉफ्टवेअर शिकणं ही जोखीम होती. फोटोशॉपचा विषय पैशापाशीच संपला.

राहिलं गिंप. त्यात ॲनिमेशनसाठी वेगळी पट्टी नाही. एक थर म्हणजे एक फ्रेम, सर्वांत खालचा थर पहिला, इतका साधा हिशेब. उणीव अशी की फ्रेम किती वेळ दिसावी हे थराच्या नावातच लिहावं लागतं. ती पुढे नडली.

खरा निर्णय सॉफ्टवेअरचा नव्हताच, चित्रांच्या संख्येचा होता. सरांनी विचारलं, “अगं, एका सेकंदात ठोके किती?” ती म्हणाली, “दोन, सर. एक टिपऱ्याचा, एक थापीचा.” “मग चोवीस चित्रं कुणासाठी काढतेस? ठोक्याआधीचं, ठोक्याचं आणि ठोक्यानंतरचं, एवढंच डोळा बघतो.” त्यातून नऊ चित्रांचा आराखडा निघाला: टिपऱ्यासाठी पाच, थापीसाठी चार. थापीचा हात ढोलाच्या पानापासून (ताणलेल्या पडद्यापासून) फार लांब जात नाही, म्हणून तिथे एक कमी.

काय केलं

सरांनी कागदाची पद्धत बदलली. अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपर आणला आणि ए-५ आकारात कापला. ऑफिसच्या दोन छिद्रांच्या पंचने प्रत्येक कागदाला एकाच कडेला भोकं पाडली आणि त्या भोकांत घट्ट बसतील असे दोन बोल्ट एका पुठ्ठ्यावर चिकटवले. कागद बोल्टांवर बसवला की आपोआप जागच्या जागी. दिवसा खिडकीच्या काचेवर धरून मागचं चित्र दिसायचं. चारही कोपऱ्यांत एक-एक फुली काढली, ती स्कॅन जुळवायला.

धड, पाय आणि ढोल एकदाच काढले. नऊ कागदांवर फक्त दोन्ही हात, टिपरू आणि डोकं. धड अगदी स्थिर राहिलं तर कळसूत्री बाहुली वाटते, म्हणून ठोक्याच्या फ्रेमला ढोल आणि धड चार ठिपके खाली, पुढच्या फ्रेमला दोन ठिपके वर, मग मूळ जागी, असं गिंपमध्ये सरकवायचं ठरलं. या चार ठिपक्यांनी ढोलाला वजन आलं.

एक चूक कागदावरच सापडली हे बरं झालं. पहिल्या रेखाटनात टिपरू वरून खाली, नगाऱ्यावर पडावं तसं पडत होतं. ढोल कमरेला आडवा असतो, पान बाजूला असतं आणि टिपरू बाहेरून आत येतं. सरावाला आलेल्या एका वादकाने बघताक्षणी ते धरलं. वादक थोडा तिरका उभा केला म्हणजे टिपऱ्याकडचं पान दिसेल, असं ठरवून पाचही चित्रं पुन्हा काढली.

स्कॅन झेरॉक्सच्या दुकानात, १५० डीपीआयवर (इंचाला १५० ठिपके). ए-५ कागदाला त्यातून ८७४ गुणिले १२४० ठिपके मिळतात, जे थोडं लहान केलं की १०२४ ठिपक्यांच्या चौकोनात बसतं. फाइलींना ०१, ०२ अशी नावं दिली. नुसतं १, २ दिल्यास १० नंबरची फाइल दोनच्या आधी येऊन बसते.

गिंपमधलं काम या क्रमाने झालं. ‘ओपन ॲज लेयर्स’ने सगळे स्कॅन एका चित्रात आणले आणि फुल्यांवर फुल्या जुळवल्या. जुळवताना वरच्या थराची अपारदर्शकता ४० टक्क्यांवर ठेवली, हीच गिंपमधली गरिबाची ओनियन स्किन. ‘लेव्हल्स’ने कागद पांढराशुभ्र आणि रेष काळी केली, ‘कलर टू अल्फा’ने पांढरा काढून टाकला, म्हणजे उरली फक्त रेष. तिच्याखाली नवा थर घेऊन रंग भरले. बादलीच्या साधनात रेखाचित्र ओळखून भरण्याची जी सोय आहे ती इथे कामी आली, कारण पेन्सिलच्या रेषेत फटी असतातच आणि साध्या भरण्यात रंग त्या फटीतून वाहून सगळीकडे पसरतो. मग ‘मर्ज डाउन’ने रेष आणि रंग एक, आणि शेवटी ‘लेयर टू इमेज साइझ’.

पार्श्वभूमीने अर्धा दिवस खाल्ला. पिवळसर रंगाचा एक थर सर्वांत खाली ठेवला की तो सगळ्या फ्रेमच्या मागे दिसेल, अशी समजूत होती. गिंप त्याला पहिली फ्रेम समजतं. थर ‘कम्बाइन’ पद्धतीने दाखवले तर पार्श्वभूमी टिकते, पण आधीच्या फ्रेमचं टिपरूही पुसलं जात नाही आणि वादकाला नऊ हात फुटतात. ‘रिप्लेस’ लावलं तर हात एकच, पण पार्श्वभूमी पहिल्या फ्रेमनंतर गायब. उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे: पार्श्वभूमीच्या नऊ प्रती करा, प्रत्येक फ्रेमखाली एक सरकवा, ‘मर्ज डाउन’ करा. यात आणखी एक खाच आहे. ‘मर्ज डाउन’ केल्यावर नाव खालच्या थराचं राहतं. वरच्या थराचं नाव, आणि त्यात लिहिलेला वेळ, पुसला जातो. म्हणून नावं सगळ्यात शेवटी द्यायची.

लय कुठे सुटली

वेळेचा आराखडा सर आणि ताशावाल्याने मिळून केला. सरावाच्या मोबाईल रेकॉर्डिंगमध्ये मिनिटाला १२० ठोके निघाले, म्हणजे ठोक्याला ५०० मिलिसेकंद. टिपऱ्याच्या पाच फ्रेम: हात वर १६०, खाली येताना ४०, ठोका १२०, उसळी ६०, परत वर १२०. थापीच्या चार: हात उघडा १४०, येताना ६०, थाप १६०, सुटताना १४०. दोन्हींची बेरीज बरोबर ५००-५००. सगळे आकडे दहाच्या पटीत ठेवले, कारण जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात साठवली जाते. ४५ लिहिलं तरी ४५ उरत नाही. आणि २० मिलिसेकंदाखाली जायचं नाही. फारच कमी आकडा दिसला की ब्राउझर तो धुडकावून फ्रेम १०० मिलिसेकंद दाखवतात, म्हणजे वेगवान करायला जावं तर संथ होतं.

विद्यार्थिनीने थरांना नावं दिली: “टिपरू वर (१६० मिसे)”, “टिपरू खाली (४० मिसे)”, अशी नऊ. ‘फिल्टर्स’मधल्या ‘ॲनिमेशन’च्या ‘प्लेबॅक’मध्ये वादक वाजवायला लागला. शेजारी रेकॉर्डिंग लावलं. ताशावाला टाळ्या देत होता. तो तिसऱ्याच आवर्तनाला म्हणाला, “ताई, लय पळतेय ह्याची.” पाचव्या आवर्तनाअखेर ढोल थापीवर होता आणि चित्रातला वादक टिपऱ्यावर.

इथे निदान चुकलं. पळण्याचं कारण थापीत दिसत होतं, टिपऱ्याचा भाग ठीक वाटत होता. म्हणून तिने निष्कर्ष काढला की थापीची चित्रं कमी पडतात. “सुटताना”नंतर हात परत उघडण्याचं दहावं चित्र काढलं, स्कॅन केलं, रंगवलं. एक दिवस गेला. आणि लय खरंच जुळली! रेकॉर्डिंगबरोबर वादक कितीही वेळ सोबत राहत होता. पथकप्रमुखांनी लगेच मान डोलावली.

सरांचं समाधान झालं नाही. “ठोका मऊ पडतोय,” ते म्हणाले. “टिपरू पाण्यातून फिरवल्यासारखं येतंय.”

तिने ४० चे २० केले, काही फरक नाही. १६० चे २००, फरक नाही. मग तिने नकळत सर्वोत्तम चाचणी केली: एका फ्रेमला ३००० लिहिलं. वादक तीन सेकंद थिजायला हवा होता. तो पूर्वीसारखाच वाजवत राहिला. म्हणजे गिंप तिचे आकडे वाचतच नव्हतं.

कारण नावांत होतं. गिंप थराच्या नावात कंस शोधतं, कंसात इंग्रजी आकडे आणि त्यांच्यापाठोपाठ मिलिसेकंदाची ‘एम’ आणि ‘एस’ ही दोन रोमन अक्षरं. देवनागरी १६० हा त्याच्या लेखी आकडा नाही आणि ‘मिसे’ हे एकक नाही. वेळ सापडली नाही की ते प्रत्येक फ्रेमला ठरलेले १०० मिलिसेकंद देतं. आता सगळा उलगडा झाला. टिपऱ्याच्या पाच फ्रेम गुणिले १०० म्हणजे ५००, योगायोगाने बरोबर. थापीच्या चार म्हणजे ४००. आवर्तन १००० ऐवजी ९०० चं, दर फेरीला १०० ची चोरी, पाच फेऱ्यांत एक पूर्ण ठोका. दहाव्या चित्राने बेरीज १००० झाली, म्हणून पळणं थांबलं. पण खाली येणारं टिपरू ४० ऐवजी १०० मिलिसेकंद हवेतच दिसत होतं, आणि ठोक्याचा जोर तिथे विरत होता. दुखणं थांबलं, रोग तसाच.

कळफलक इंग्रजीवर घेऊन कंस पुन्हा लिहिले. बाहेरचं नाव मराठीत राहिलं तर चालतं, अडतं ते फक्त कंसात. दहावं चित्र आता काढलेलंच होतं, तर टाकून न देता थापीची वाटणी नव्याने केली: १२०, ६०, १६०, ८०, ८०. बेरीज पुन्हा ५००. पहिल्याच ‘प्लेबॅक’ला सर म्हणाले, “आता लागला.”

तीन ठिकाणांसाठी तीन फाइली

मूळ एक्ससीएफ फाइल (गिंपची स्वतःची, थर जपणारी) पार्श्वभूमीशिवाय, पारदर्शक ठेवली आणि तिच्या प्रतींवर काम केलं.

जिफसाठी आधी चित्र १०२४ वरून ५१२ ठिपक्यांवर आणलं आणि नंतर ‘इंडेक्स्ड’ केलं, म्हणजे मोजक्या रंगांत बसवलं. हा क्रम उलटा झाला तर कडा दातेरी होतात, कारण मोजक्या रंगांच्या चित्रात लहान करताना मधले रंग मिसळता येत नाहीत. भगवा, पांढरा, काळा, ढोलाचा तपकिरी, कातडीच्या दोन छटा आणि कडांच्या मधल्या छटा मिळून १६ रंग पुरले. ‘डिदरिंग’ (ठिपके मिसळून मधल्या छटा भासवणं) बंद. ते चालू ठेवलं की सपाट भगव्यात ठिपके पडतात, दर फ्रेमला वेगळे, आणि फाइलही वाढते. ‘ऑप्टिमाइझ फॉर जिफ’ने फक्त बदललेला भाग साठवला. निर्यात करताना ‘ॲज ॲनिमेशन’ आणि ‘लूप फॉरेव्हर’ला खूण केली. फाइल १०० केबीच्या आत बसली. पहिल्या प्रयत्नाची काही एमबींची होती.

पार्श्वभूमी भरीव ठेवण्यामागे हिशेब होता. जिफमध्ये ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण भरीव. अर्धपारदर्शक असं काही नसतं. मऊ कडा मग पांढऱ्या किनारीसारख्या उरतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. शिवाय व्हॉट्सॲपवर जिफ म्हणून जाते ती आतून एमपी-४ व्हिडिओ होऊन, आणि तिथे पारदर्शकता उरत नाही.

स्टिकरसाठी वेबपी ही चित्र-फाइल. यात अर्धपारदर्शकता पूर्ण मिळते. व्हॉट्सॲपच्या अटी: ५१२ गुणिले ५१२ ठिपके, ५०० केबीच्या आत, प्रत्येक फ्रेम किमान ८ मिलिसेकंद, एकूण १० सेकंदांच्या आत. भोवती ८ ठिपक्यांची पांढरी किनार ठेवावी अशी शिफारसही आहे. ती प्रत्येक फ्रेमला ‘अल्फा टू सिलेक्शन’, मग ‘ग्रो’ ८, मग खालच्या थरात पांढरा, अशी काढली. किनारीमुळे भगवा फेटा गडद चॅटमध्येही हरवला नाही.

टेबलावरच्या टीव्हीत पेनड्राइव्हवरून जिफ लावली तर पहिली फ्रेम तेवढी दिसून थांबली. शेवटी लॅपटॉप टीव्हीला जोडून ब्राउझरमध्ये पूर्ण पडद्यावर उघडली. पाच मिनिटांचं काम, पण ते नोंदणीच्या सकाळी, रांग लागलेली असताना कळलं.

निकाल

काम आठव्या दिवशी संपलं. नोंदणीच्या टेबलाशेजारी खरा ढोल वाजायचा तेव्हा चित्रातला वादक काही वेळ सोबत असायचा, मग सुटायचा. त्यात फाइलचा दोष नाही. माणूस १२० वर सुरू करतो आणि रंगात आला की चढतो. जिफ चढत नाही. स्टिकरला आवाजच नसल्याने तिथे हा प्रश्न आला नाही, आणि जास्त फिरलं ते स्टिकरच.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महाग पडला तो दहाव्या चित्राचा दिवस. चित्रं रंगवण्याआधी फक्त काठ्यांची माणसं काढून, नऊ थर, नावात वेळ, एवढंच चालवून पाहिलं असतं तर आकड्यांचा घोळ पहिल्याच तासाला उघड झाला असता. तीन हजारांची चाचणी तर सुरुवातीलाच करावी: एका फ्रेमचा आकडा अवाढव्य करा, चित्र थिजलं तर सॉफ्टवेअर तुमचं ऐकतंय.

टीव्हीची तपासणी पहिल्या दिवशी एखादी जुनी जिफ लावूनही झाली असती.

एक नुकसान टाळता येण्याजोगं होतं आणि टळलं नाही. एकदा ‘इंडेक्स्ड’ केल्यावर तिने सवयीने ‘सेव्ह’ दाबलं आणि त्या वेळची एक्ससीएफ १६ रंगांत अडकली. दुसऱ्या दिवशी फेट्याचा भगवा थोडा उजळ करायचा होता. निवडलेली नवी छटा त्या १६ रंगांत नव्हती, म्हणून दर वेळी जुनाच भगवा उमटत राहिला. दहा फेटे पुन्हा रंगवावे लागले. रंग कमी करणं, लहान करणं, पार्श्वभूमी मिसळणं ही परत न फिरणारी कामं ‘इमेज’ मेनूतल्या ‘डुप्लिकेट’ने केलेल्या प्रतीवरच करावीत. त्या पथकात आता मूळ फाइलच्या नावातच “हात लावू नका” असं लिहिलेलं आहे, देवनागरीत. तिथे ते चालतं.